हा कुठला काव्यप्रकार? अर्जातला एक रकाना अडलाय

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. आमच्या भागात दर वर्षी शाळकरी पोरांची कवितास्पर्धा असते. यंदा छाननी माझ्या गळ्यात पडलीय. अर्जात नाव, शाळा, इयत्ता यांच्या खाली 'काव्यप्रकार' असा एक रकाना आहे. कुणी घातला देव जाणे. निम्म्या पोरांनी तिथं 'चारोळी' लिहिलंय, मग कविता सोळा ओळींची का असेना. एकानं 'मराठी' लिहिलंय, एकानं 'दुःखी'. एका बहाद्दरानं 'आईनं केलेली' असं खरंखुरं लिहून टाकलंय.

खरी अडचण पुढची आहे. करवीर तालुक्यातल्या एका गावातनं आठवीच्या मुलीची गुऱ्हाळावरची कविता आलीय. (काहिली म्हणजे रस उकळायची मोठी कढई, गुळव्या म्हणजे गूळ करणारा, काकवी म्हणजे पातळ गूळ.) तिनं रकान्यात नुसती आडवी रेघ मारलीय. टाईप होऊन माझ्याकडं आलेली कविता अशी:

काहिलीत रस हळू उकळतो
गुळव्या सांगतो जाळ
घाला
मळी काढताना वाफ
लागे डोळा होतो गूळ
गोळा वाफ्यामध्ये
आमच्या
वाटीत काकवी उरली ढेप कुठं
गेली बाजाराला

आमच्याकडं तीन गट आहेत: छंदोबद्ध, गेय, मुक्त. दुसऱ्या परीक्षकांनी शेरा मारलाय, 'मुक्तछंद, पण विस्कळीत.' मला शेवट वाचून गलबललं आणि विस्कळीत म्हणवेना. हिला कुठं घालू?

आणि दुसरं काम. पुढच्या वर्षी पोरांना कवितेच्या प्रकारांवर एक पान छापून द्यायचं आहे. पुस्तकी व्याख्या नकोत, त्या माझ्याकडं आहेत. तुम्ही एखादा प्रकार ओळखता कसा, ते सांगा.

तांबडा_रस्सा

काव्यप्रकार : गोड. 🙏

गुरुलघु

ताई, तुमच्या पानाची सुरुवात एका जुन्या आर्येनं करा. वेगळी यादी करावी लागणार नाही.

सुश्लोक वामनाचा अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची
ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची

दोन ओळींत चार प्रकार आणि चार कवी. यातली गंमत मला चाळिशीनंतर कळली. हे प्रकारांचं कौतुक स्वतःच एका प्रकारात बसवलेलं आहे. मात्रा मोजून बघा, लघू म्हणजे आखूड अक्षराची १, गुरू म्हणजे लांब अक्षराच्या २. 'सुश्लोक वामनाचा' : 'सु'पुढं जोडाक्षर आहे म्हणून सु गुरू, त्याच्या २. श्लो २, क १, वा २, म १, ना २, चा २. झाल्या १२. 'अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची' भरतं १८. दुसरी ओळ परत १२ आणि १८. काटेकोर बोलायचं तर आर्येच्या दुसऱ्या ओळीत १२ आणि १५ असतात, आणि १२-१८, १२-१८ असं असेल तर ती गीति. मोरोपंतांच्या नावावर आपण ज्यांना सरसकट आर्या म्हणतो त्या बहुतेक गीतीच आहेत. आणि हे मोरोपंत जन्मले आपल्या पन्हाळ्यावर, १७२९ साली. पुढं बारामतीला गेले म्हणून सगळे त्यांना बारामतीकर समजतात.

वामन पंडितांचं तंत्र निराळं. श्लोक अक्षरगणवृत्तात. तिथं मात्रांची बेरीज जमून भागत नाही, लघू कुठं आणि गुरू कुठं ते ठरलेलं. यमकाची त्यांना इतकी हौस की लोक 'यमक्या वामन' म्हणायचे. लग्नात मंगलाष्टका ऐकता ना? ते शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरं, १२ व्या अक्षरावर थांबा. भटजी जिथं दम घेतात आणि मुलीचा मामा अक्षता टाकायची घाई करतो, तो तो थांबा.

आता तुमच्या कवितेचं. मी प्रत्येक ओळीच्या मात्रा काढल्या. एकीचा दुसरीशी मेळ नाही. गणही, म्हणजे लघुगुरूंचे तीन-तीन अक्षरांचे गट, लागत नाहीत. परीक्षकांचं बरोबर वाटतं. मुक्त गटात टाका.

चार_ओळी

पोरांनी चारोळी लिहिलं की सगळे हसणार हे ठरलेलंच. मी इन्स्टावर चारोळ्याच टाकतो. चंद्रशेखर गोखल्यांच्या 'मी माझा'मुळं आमच्या घरात पहिल्यांदा कवितेचं पुस्तक विकत आलं. त्याच्या आधी फक्त पंचांग यायचं.

पूररेषा

@चार_ओळी, भावा, चारोळीला कोण नावं ठेवतंय? चार ओळींच्या सोळा ओळी झाल्या त्याला हसतायत.

पण चारोळी आणि रुबाई यातला फरक पोरांना जरूर सांगा. दोन्ही चारच ओळींच्या. चारोळीत बहुधा दुसरी आणि चौथी ओळ जुळते. रुबाईत पहिली, दुसरी आणि चौथी जुळते, तिसरी सुटी सोडायची. ती सुटी ओळ म्हणजे चेंडू टाकायच्या आधी हात मागं नेतात तसं. चौथी ओळ त्यामुळं लागते. उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या माधव जूलियनांनी, आणि ते आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायचे. फारसीचा माणूस. मराठी गझलेची पायवाट त्यांनी पाडली, 'गज्जलांजलि' १९३३ चं. तिचा रस्ता केला सुरेश भटांनी. भटांची 'गझलेची बाराखडी' वाचल्याशिवाय कुणी गझलेला हात लावू नये असं माझं मत आहे. शिव्या घाला पाहिजे तर.

गझल मी कशी ओळखतो ते माझ्याच दोन शेरांवर सांगतो. पंचगंगेचं पाणी घरात शिरलं त्या वर्षीचे आहेत.

पुन्हा पावसाने नदी आत आली
घरातील भांडी नदीला मिळाली

कपाटातले वाचले सर्व सोने
वही आजिची फक्त ओली निघाली

पहिला शेर मतला, त्याच्या दोन्ही ओळी जुळतात. पुढं प्रत्येक शेराची दुसरी ओळच जुळते. आली, मिळाली, निघाली हे काफिये. त्या 'ली'च्या आधी दर वेळी 'आ' येतो, ती अलामत. काफियानंतर तोच शब्द परत परत आला असता तर तो रदीफ. माझ्यात रदीफ नाही, चालतं. आणि प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहिला पाहिजे. दुसरा शेर एकटा कुणाला पाठवला तरी त्याला पूर सांगावा लागत नाही.

वृत्त? लगागा लगागा लगागा लगागा (ल लघू, गा गुरू). म्हणजे भुजंगप्रयात. म्हणजे 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे'. समर्थांच्या मनाच्या श्लोकांच्या चालीत माझी गझल म्हणून बघा, तंतोतंत बसते. मी पहिल्यांदा म्हटली तेव्हा आमच्या बाबांनी देवघरातनं डोकावून बघितलं.

गुरुलघु

@पूररेषा, 'आजिची' असं ऱ्हस्व केलंत वृत्तासाठी. मोरोपंतांनीही केलं असतं. क्षमा.

तांबडा_रस्सा

मी पण कवी झालो.

मिसळ संपली
कट उरला
पाव कुठाय

हायकू हाय का न्हाई?

शाईचा_डाग

@तांबडा_रस्सा, नाही. तीन ओळी झाल्या म्हणून हायकू होत नाही. मराठीत हायकू रुजवला शिरीष पैंनी. जपानीत ५-७-५ अक्षरांचा हिशोब असतो, आपल्याकडं तो कुणी फार पाळत नाही. पण दोन ओळींत एक चित्र दिसायला हवं आणि तिसरीत त्या चित्राकडं बघायची जागा हलली पाहिजे. तुमची जागा हॉटेलातच राहिली.

तांबडा_रस्सा

पाव आला की हलतो.

हलगीवाला

शाईताई, तुमच्या तीन गटांत आमचा पोवाडा कुठं घालणार? गेय? गेय म्हणजे भावगीत वाटतंय ऐकणाऱ्याला. पोवाडा गायचा नसतो, तो उभं राहून सांगायचा असतो. आमच्या घरात तीन पिढ्या शाहिरी हाय. आजोबा सांगायचे, कागदावर पोवाडा वाचून कुणाला कळला न्हाई. डफावर थाप, तुणतुण्याची तार, मागं झीलकरी 'जी रं जी जी' म्हणून सूर धरत्यात, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ आठवतो. झील ही शोभा न्हवं, ती गरज हाय. मधेच शाहीर चाल सोडून गद्यात बोलाय लागतो, तलवार कशी उपसली ते हातानं दाखवतो, आणि परत चाल पकडतो. एक चाल संपली की चौक संपला. शाहीर पिराजीराव सरनाईकांचं रेकॉर्डिंग मिळालं तर पोरांना ऐकवा, व्याख्या लागायची न्हाई.

सगळ्यात जुना म्हणून सांगत्यात तो अज्ञानदासाचा, अफजलखानाच्या वधाचा. म्हणजे १६५९ च्या घटनेवरचा.

आणि भेदिक, म्हणजे कोड्यांची शाहिरी, विसरू नका. कलगीवाले शक्तीला थोर म्हणणार, तुरेवाले शिवाला. एकानं लावणीतनं कोडं घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं लावणीतच सोडवायचं. रात्र उजाडायची. माझ्या लहानपणी एका म्हाताऱ्या शाहिराला उत्तर सुचलं न्हाई, तर त्यानं तुणतुणं खाली ठिवलं आणि समोरच्याच्या पाया पडला. त्याचं उत्तर चुकलं असतं तरी चाललं असतं, पण मात्रा चुकवून वेळ मारून न्यायला तो तयार न्हवता.

लावणी म्हटलं की लोकांना फक्त नाच आठवतो. राम जोशी सोलापूरचे, चांगले शिकलेले शास्त्री घरातले, लावण्या लिहायचे. आपले जगदीश खेबूडकर कोल्हापूरचे, सिनेमाच्या लावण्या त्यांनी लिहिल्या त्या ढोलकीला विचारून लिहिल्यासारख्या हायत.

पर्वतीपायथा

पुण्याहून लिहितोय, तेव्हा आधीच दिलगिरी.

सुनीत, म्हणजे सॉनेट, राहिलं. १४ ओळी. मराठीत पहिलं केशवसुतांचं मानतात, १८९२ चं 'मयूरासन आणि ताजमहाल'. बहुतेक सुनीतं वरच्या शार्दूलविक्रीडितातच लिहिली गेली, त्यामुळे मला कित्येकदा लग्नात बसल्यासारखं वाटतं. आठ ओळींत एक बाजू मांडायची, मग सहा ओळींत वळण. हे वळण नसेल तर ती नुसती १४ ओळींची कविता.

विंदा करंदीकरांनी पुढे मुक्त सुनीत लिहिलं. त्यांचं कॉलेजचं शिक्षण कोल्हापुरातच झालं, हे तुम्हाला आवडेल. अनिलांनी दहा ओळींची दशपदी घडवली आणि मुक्तछंदाचं मोठं कामही त्यांचंच. म्हणजे ज्यानं दार मोकळं केलं त्यानंच नंतर दहा ओळींची चौकट बांधली. मुक्तछंद म्हणजे एंटर मारत सुटणं नव्हे, हे मुलांना या उदाहरणावरून सांगा.

तुमची गुऱ्हाळाची कविता मला एंटर मारल्यासारखीच वाटली. आशय चांगला, पण 'घाला' ही एका शब्दाची ओळ कशासाठी? 'आमच्या' एकटं का? त्या तोडण्याला कारण दिसत नाही.

माहेर_कागल

मी रोज वाचतो पण लिहायला आज आलो. (पुण्याच्या भावोजींना सांगते, कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, मी बाईच आहे.)

वर ओवी म्हटलं की सगळे ज्ञानेश्वरीकडं गेलेत. माझी आई जात्यावर म्हणायची ती पण ओवीच की.

पहाटंच्या पारी जातं घरंघरं बोलतं
माझ्या माहेराचं नाव पिठासंगं सांडतं

ही तिची. आता गुरुलघुकाकांनी अक्षरं मोजू नयेत. जात्यावर अक्षरं बसवत न्हाईत, खुंटा फिरवत्यात. समोरासमोर दोघी बसायच्या. एकीनं एक ओळ म्हणायची, फेरा पुरा व्हायच्या आत दुसरीनं दुसरी. शब्द कमी पडला तर 'बाई', 'गं', 'माझ्या' घालून फेरा भरायचा. दळण संपत आलं आणि जातं हलकं फिराय लागलं की ओवी पण भरभर. आई शेवटच्या मुठीला नेहमी भावावरची म्हणायची. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, आणि आई गप्प झाली. भांडी घासताना म्हण म्हटलं तर म्हणाली, हात गोल फिरला पाहिजे.

अशा ओव्या लाखाच्या वर गोळा करून ठेवल्यात, गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी. त्या नेटवर ऐकायला मिळतात. पोरांना द्या ऐकायला.

आणि धनगरी ओवी तिसरीच. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या जत्रेला गेलाय का कुणी? 'सुंबरान मांडिलं' म्हणून सुरू करत्यात. एक जण ओवी गातो, कथा पुढं सरकाय लागली की साधं बोलून सांगतो, परत गातो. मेंढरं, डोंगर, पाऊस, सगळं येतं तिच्यात. नाव एकच, ओवी. पण ज्ञानेश्वरीची, जात्यावरची आणि धनगराची, तिघी समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओळखतील का सांगता येत न्हाई.

गुरुलघु

@माहेर_कागल, मोजली नाहीत. (मोजली. पण काही बोलत नाही.)

टाळकरी

रामकृष्णहरी. मी शिकलेला न्हाई जास्त. भजनात पखवाज वाजवतो, टाळ पण. हा धागा पोरानं दाखवला.

ती गुऱ्हाळाची कविता मी दोनदा वाचली. पहिल्यांदा कळली न्हाई. दुसऱ्यांदा वाचताना उजवा हात मांडीवर पडाय लागला. मग म्हटलं ह्यात कायतरी हाय. ओळी कुठं तुटल्यात तिकडं बघू नका. डोळं मिटून 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी'च्या चालीवर म्हणा:

काहिलीत रस । हळू उकळतो । गुळव्या सांगतो । जाळ घाला
मळी काढताना । वाफ लागे डोळा । होतो गूळ गोळा । वाफ्यामध्ये
आमच्या वाटीत । काकवी उरली । ढेप कुठं गेली । बाजाराला

हा अभंग हाय माउली. पोरीनं अभंग लिवलाय.

शाईचा_डाग

अंगावर काटा आला. आत्ता मोठ्यानं म्हणून बघितलं. स्टाफरूममध्ये बसलोय याचं भान राहिलं नाही.

तांबडा_रस्सा

नाद खुळा!!! टाळकरी मामा, पाय कुठं हायत?

गुरुलघु

मी चुकलो, आणि कसा चुकलो ते सविस्तर लिहितो, कारण ते पानावर छापण्यासारखं आहे.

मी मात्रा मोजत बसलो. अभंगात मात्रा मोजायच्याच नसतात, अक्षरं मोजायची. का-हि-ली-त-र-स, सहा. ह-ळू-उ-क-ळ-तो, सहा. गु-ळ-व्या-सां-ग-तो, सहा. जा-ळ-घा-ला, चार. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक : उकळतो-सांगतो, डोळा-गोळा, उरली-गेली. तिन्ही कडव्यांत एक अक्षर इकडचं तिकडं नाही. हा मोठा अभंग. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया' हाच साचा. लहान अभंग निराळा, आठ-आठ अक्षरांचा : 'जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले'.

माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'त तीन घरं केलेली आहेत. वृत्त, जाति आणि छंद. वृत्तात लघुगुरूंची जागा ठरलेली, जातीत मात्रांची बेरीज, आणि छंदात फक्त अक्षरांची संख्या, कारण म्हणताना प्रत्येक अक्षर सारखंच लांबवलं जातं. 'रस' शब्दाला कागदावर दोन मात्रा, पण टाळाबरोबर 'र' आणि 'स' दोन्ही 'का'एवढेच लांब होतात. हे पुस्तक माझ्या कपाटात पंचवीस वर्षं आहे. याच ग्रंथासाठी त्यांना १९३८ साली मुंबई विद्यापीठानं डी.लिट. दिली, हे मी व्याख्यानांत सांगत फिरतो. आणि छंदाला जातीची फूटपट्टी लावून मोकळा झालो. पखवाजवाल्या हातानं काम केलं.

पर्वतीपायथा

मान्य. 'घाला' एकटं का, याचं उत्तर मिळालं. ते एकटं नव्हतंच.

पण एक शंका, भांडण म्हणून नाही. साचा अभंगाचा आहे हे ठीक. तरी गुऱ्हाळावरच्या कवितेला अभंग म्हणावं का? ना देव, ना नाममुद्रा. 'तुका म्हणे'सारखं शेवटी काही नाही. याला नुसती सहा-सहा-सहा-चारची ओवी म्हणणं जास्त रास्त होईल. तसाही हा साचा ओवीतूनच आलेला आहे. ज्ञानेश्वरीत तीन चरण जुळतात, चौथा आखूड आणि सुटा, अक्षरांचं बंधन सैल. अभंगात ते आवळलं.

हलगीवाला

सावता माळ्याला कांद्यामुळ्यात विठाई दिसली की पुण्याला चालतंय, आणि गुऱ्हाळात दिसली तर ओवी?

पर्वतीपायथा

सावतोबांनी विठाई म्हटलं तरी आहे. इथं ढेप बाजाराला गेली एवढंच आहे.

माहेर_कागल

आमच्याकडं काहिलीला पहिला नारळ फुटतो, चुलवाणाला हळदकुंकू लागतं. देव तिथं आधीच येऊन बसलेला असतो, पोरीनं परत कशाला बोलवायचा?

पूररेषा

विंदांनी 'आततायी अभंग' लिहिले तेव्हा कुणी त्यांना ओवी म्हणा असं सांगितलं नाही. गझलेत तर दारू-साकीपासून ऊसदरापर्यंत सगळं येतं. दुधगावच्या इलाही जमादारांची गझल वाचा, मातीचा वास येतो. साचा कुणाच्या बापाचा नसतो. माझं मत अभंग.

चार_ओळी

मी गप्प बसून वाचत होतो. माझ्या सगळ्या चारोळ्या आज मोठ्यानं म्हणून बघितल्या. त्यातल्या तीन बऱ्या आहेत.

टाळकरी

शाईताई, एक राहिलं. चौथा तुकडा आखूड का, ते पण पोरांना सांगा. सहा-सहा-सहा झालं की चार. दोन अक्षरं कमी. तेवढ्या जागेत टाळकरी दम घेतो आणि मागनं येणारा 'घाला' धरतो. जागा ठिवली न्हाई तर मागचा माणूस आत कुठनं येणार? 'बाजाराला' म्हणून बघा, शेवटचा 'ला' कुठंपर्यंत जातोय.

शाईचा_डाग

ताजी खबर.

काल तिच्या शाळेतल्या बाईंना फोन केला आणि तिच्या वहीच्या पानाचा फोटो मागवला. फोटो आलाय. मूळ कवितेत तीनच ओळी आहेत आणि प्रत्येक तुकड्यानंतर पेन्सिलनं उभी रेघ. टाईप करणाऱ्याला त्या रेघा म्हणजे चुकून पडलेले १ चे आकडे वाटले, म्हणून त्यानं त्या काढून टाकल्या आणि मजकूर रकान्याच्या रुंदीत जसा बसेल तसा बसवला. तो 'घाला' एकटा का पडला, तर त्या ओळीत जागा संपली होती म्हणून. आणि आम्ही दोघं परीक्षक त्याच्यावर चर्चा करत होतो.

मुलीशीही बोललो. लाजत होती. रकान्यात रेघ का मारलीस विचारलं, तर म्हणाली, "आमच्यात रोज सांजचा हरिपाठ असतो, त्याच्या चालीवर केली. पण अभंग लिहिलं असतं तर सर म्हणाले असते, अभंग संतांचे असतात." मग 'म्हणून दाखव' म्हटलं. तिनं फोनवर म्हटली. टाळकरीमामा, 'ला' लांब गेला. मागं कुणीतरी कुकर लावलेला, शिट्टी मधेच झाली, तरी ती थांबली नाही.

गुळव्या तिचा चुलता आहे. 'वाफ लागे डोळा' त्याच्यावरनं सुचलं, त्याचा एक डोळा त्यात अधू झालाय. हे मला माहीत नव्हतं, आणि कवितेतही तिनं सांगितलेलं नाही.

दुसऱ्या परीक्षकांना तुमचा सगळा धागा पाठवला. त्यांनी 'विस्कळीत' खोडलं. आता ते म्हणतात छंदोबद्ध गटात घाला, मी म्हणतोय गेय. अजून ठरलेलं नाही. पुढच्या वर्षी 'काव्यप्रकार' काढून 'कशी म्हणता?' असा रकाना करूया असं मी सुचवलं, तर समितीचं उत्तर आलं की अर्ज आधीच छापून झालेत.

गुरुलघु

छंदोबद्ध. पण मी आता सांगणारा कोण.

टाळकरी

एकादशीला तिला आमच्यात घिऊन या. पहिला अभंग तिचा. चाल मी धरतो.

तांबडा_रस्सा

काकवी मिळणार काय तिथं?

माहेर_कागल

वाटीभरच. ढेप बाजाराला गेली न्हवं.